ओव्याचं तेल उसाच्या रसात घालण्याआधी

रसातले जंतू मारायला तू केलेलं इमल्शन, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब पसरलेलं मिश्रण, दोन दिवसांत वरून तेलकट होतं, कारण तू ओव्याचं तेल एकटंच घेतलंस. त्यातला थायमॉल, म्हणजे जंतू मारणारा मुख्य घटक, पाण्यात थोडा विरघळतो. म्हणून तो लहान थेंबांतून निघून मोठ्या थेंबांत जातो, मोठे आणखी फुगतात आणि वर येतात. याला ओस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. अल्ट्रासोनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब बारीक करणारं यंत्र) कितीही वेळ चालवलास तरी ते थांबणार नाही. आधीच ओव्याच्या तेलात थोडं मक्याचं तेल मिसळ; ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून थेंब टिकतात. थोडंच हं! जास्त झालं की थायमॉल त्यातच अडकतो आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. माझे पहिले काही महिने यातच गेले: थेंब अगदी बारीक, स्थिर, आणि ई. कोलाय हा जंतू तसाच वाढलेला.

सुरुवात उसाच्या रसापासून कर, म्हशीच्या दुधापासून नको. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर मिळतं तसल्या दुधात स्निग्धांश भरपूर, तो तेल ओढून घेतो.

प्रत्येक चाचणीत ओव्याचं तेल वगळून, फक्त ट्वीन ८० (तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवणारा पदार्थ) आणि मक्याच्या तेलाचं इमल्शनही ठेव, नाहीतर परिणाम नेमका कशाचा ते कळत नाही. आणि वास लवकर तपास. जंतू मारणारी मात्रा पुष्कळदा रस पिववत नाही इतकी उग्र असते.