मनश्शेपासून सुरुवात करा
बायबलच्या जुन्या करारातील ‘राजे’ आणि ‘इतिहास’ ही पुस्तके तुम्ही नुकतीच वाचायला घेतली आहेत, म्हणून सुचवतो की पश्चात्ताप समजून घेण्यासाठी पश्चात्तापाचे नेहमीचे उदाहरण असलेल्या दावीद राजाऐवजी यहूदा राज्याचा राजा मनश्शे याच्यापासून सुरुवात करा. त्याने ५५ वर्षे राज्य केले, मंदिराच्या अंगणांत ताऱ्यांसाठी वेद्या बांधल्या, पोटच्या मुलाला अग्नीत अर्पिले. आणि ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात त्याच्या पश्चात्तापाचा एक शब्दही नाही. ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात मात्र अश्शूरी सरदार त्याला बेड्या घालून बाबेलला नेतात, तिथे तो नम्र होऊन प्रार्थना करतो आणि परतल्यावर परक्या मूर्ती नगराबाहेर फेकतो. दोन्ही वृत्तान्तांचा मेळ घालण्याची घाई करू नका (मी ती पुष्कळ वर्षे केली). त्यापेक्षा हा बारकावा पाहा: राजा बदलला तरी लोक उच्च स्थानी (मंदिराबाहेरच्या, टेकड्यांवरील पूजास्थळी) यज्ञ करीतच राहिले, फक्त आता परमेश्वरासाठी. मनश्शेचा नातू योशीया याने तर नियमशास्त्राचा (मोशेच्या आज्ञांचा) ग्रंथ ऐकताच पश्चात्तापाने वस्त्रे फाडली, तरीही हुल्दा संदेष्ट्रीने यरुशलेमेवरील अरिष्ट टळेल असे सांगितले नाही. ते त्याच्या डोळ्यांना दिसणार नाही, एवढेच सांगितले.