नवी बॅटरी घेण्याआधी

दादा, ट्रॅक्टरचा सेल्फ मारला की नुसतं 'टक्' वाजतं म्हणून लगेच बॅटरी बदलायला धावू नका. मी एकदा बदलली. दोष निघाला चेसिसवरच्या अर्थिंगच्या (बॅटरीची अर्थ वायर जिथे आवळतात त्या) गंजलेल्या बोल्टमध्ये! आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा. मग बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरला 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिन चालू करून रेस दिल्यावर साधारण 13.8 ते 14.4. आकडा हललाच नाही तर फॅनबेल्ट ढिला आहे का बघा, मग फ्यूज, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) सगळ्यात शेवटी. 15 च्या वर गेला तर बहुतेक चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासणारे बहाद्दर भेटतीलच. त्यांना हात लावू देऊ नका, अल्टरनेटरचे डायोड उडतात.