गृहपाठाचे उत्तर आईने सांगावे का?

जात, विषमता, सामाजिक न्याय असे विषय गृहपाठात आले की मुलांना मदत कशी करावी, आणि काही चुकीचे लिहिले गेले तर कोणाचे मन तर दुखावणार नाही ना, ही चिंता घेऊन अनेक पालक माझ्याकडे येतात. रत्नागिरीत अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीची आई अशीच आली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न होता, दलित लेखिका ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या आत्मकथनातून सामाजिक न्यायाचा विचार कसा व्यक्त होतो. आई म्हणाली, “मॅडम, आमच्या घरात जातपात कुणी मानत नाही, मग हिने लिहायचं तरी काय? तुम्ही चार मुद्दे सांगा, मी तिच्याकडून लिहून घेते.”

मुलीच्या वहीत ‘लेखिकेने विषमतेवर प्रखर प्रकाश टाकला आहे’ अशा धाटणीची, गाईडमधून उतरवलेली वाक्ये होती. तो आळस आहे असे मला वाटले नाही. अशा विषयावर मुले गुळगुळीत लिहितात तेव्हा त्यामागे बहुधा भीती असते, आणि आयते मुद्दे पुरवले की ती भीती तशीच आत राहते.

म्हणून मी मुद्दे दिले नाहीत, पुस्तक उघडायला सांगितले. लेखिकेची आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणत असे आणि लहानगी ऊर्मिला ती घरोघर पोचवत असे. तिला दाराबाहेरच उभे केले जाई, टोपलीवर पाणी शिंपडूनच ती घरात घेतली जाई आणि पैसे तिच्या हातावर वरून टाकले जात. हा प्रसंग मुलीने मोठ्याने वाचला. मी एवढेच विचारले, की यात कोण काय करते आहे आणि का. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “टोपली चालते, पण विणणारीचा हात चालत नाही.” तिच्या उत्तराचे पहिले वाक्य तेच झाले.

पुढचा प्रश्न तिचाच होता : हे कायद्याने थांबले नाही का? इथे मी माहिती दिली, कारण माहिती देणे म्हणजे उत्तर लिहून देणे नव्हे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुलेही केले होते. तरीही त्या पाण्याला हात लावण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह सत्याग्रह करावा लागला आणि तळ्याच्या पाण्यावरील हक्काच्या खटल्यात त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये आला. कागदावरचा हक्क आणि दारातला व्यवहार यांच्यातले हे अंतर आत्मकथनातून कसे दिसते, हे मात्र मी तिच्यावर सोडले.

तेव्हा तिच्या मनातली खरी अडचण बाहेर आली. “आमच्या आजीच्या घरीही अशा टोपल्या यायच्या. ते लिहायलाच हवं का?” मी तिला सांगितले की प्रश्न पुस्तकावर आहे, घरातले लिहिणे सक्तीचे नाही, लिहावेसे वाटले तर आधी आजीशी बोल. याची दुसरी बाजू शिक्षकांनी फार जपायला हवी. ज्यांच्या घरांनी हे सोसले आहे, त्या मुलांना वर्गात उभे करून ‘तू तुझा अनुभव सांग’ असे कोणीही म्हणू नये. साक्ष द्यायला नव्हे, तर इतरांसारखेच साहित्य शिकायला ती मुले आलेली असतात.

आईला मी एकच काम दिले : तीच पाने स्वतः वाचावीत आणि मुलीचे लिखाण वाचताना ‘हे पुस्तकात कुठे आहे?’ एवढेच विचारावे. शुद्धलेखन शेवटी पाहावे. मुलीने दीड पानाचे उत्तर स्वतः लिहिले. आजीबद्दल त्यात काही नव्हते, पण आजीशी ती बोलली होती, आणि त्या बोलण्याच्या वेळी आईही तिथे बसली होती.