मीच का सगळ्यांचं करायचं?

‘दरवेळी मीच का?’ हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. पाठोपाठ निर्णयही तयार असतो: ‘आता मीही स्वार्थीच वागणार.’

चाळिशीतल्या एक बाई असंच ठरवून आल्या होत्या. कुणाचंही काही अडलं की फोन यांना. मी कागद पुढे केला. “नावं लिहा. ज्यांच्यासाठी तुम्ही करता, त्यांच्याकडे बाण काढा. तुमच्यासाठी कुणी केलं असेल, तर उलटा बाण.”

बाण भराभर बाहेर गेले. मग पेन्सिल थबकली. कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक नाव आलं, आणि तिथून एक बाण आत.

“ही कोण?”

“मैत्रीण. माझ्या आजारपणात रोज यायची. तिचं काय हो, न सांगताच करते.”

“तिला शेवटचं कधी भेटलात?”

“वेळच होत नाही. बाकीच्यांचं निस्तरण्यातच...” बोलता बोलता त्या थांबल्या आणि कागदाकडे बघत राहिल्या. अशा वेळी काहीही न समजावता गप्प बसणं मला चांगलं जमतं.

मी स्वभावाआधी नात्यांची मांडणी बघते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निम्मी माणसं ‘इतर देतील तर मीही देईन’ अशा वृत्तीची निघाली. निव्वळ फुकटे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. म्हणजे सगळ्यांशीच हात आखडता घेतला, तर ही निम्मी माणसंही हातची जातात. संशोधक डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांच्या 2011 सालच्या प्रयोगात, कुणाशी संबंध ठेवायचे हे वरचेवर बदलता येणाऱ्या गटांत सहकार्य टिकलं. ज्यांचे जोडीदार ठरलेलेच होते, त्यांच्यात ते ओसरत गेलं.

म्हणून ‘नाही म्हणायला शिका’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. वाचलेला वेळ कुणाला द्यायचा, हे आधी ठरवा. नाहीतर जो मोठ्याने मागतो त्यालाच तो मिळतो, आणि न मागणारी माणसं कोपऱ्यात राहतात. मधल्यांकडे, म्हणजे ‘इतर देतील तर मीही देईन’ म्हणणाऱ्यांकडे, स्वतःहून छोट्या कामांसाठी मदत मागा. कितीतरी जण करत नाहीत, कारण त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

“पण दीर? त्याला कसं तोडू?” त्या बाईंनी विचारलं.

“तोडू नका. त्याचं पुढचं काम हातात घेण्याआधी तुमचं एक काम त्याला सांगा.”

“नाही केलं तर?”

“तर त्याचंही थोडं थांबेल.”

त्याने केलं. कुरकुरत, दोन दिवस उशिरा, पण केलं.