कुठला गेम खेळतोस, सांग की

पोरगं गेमच्या आहारी गेलंय का, हे ओळखायचं कसं? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील तासांचा हिशेब पाठ करून येतात. रोज किती वेळ, रात्री किती वाजेपर्यंत, सगळं तोंडावर असतं. पण कुठला गेम, त्यात असतं काय, मुलाला त्यातलं आवडतं काय, असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. तास महत्त्वाचे आहेतच. पण मुलगा खेळाबद्दल बोलतो कसा, यावरून मला त्याहून जास्त कळतं.

अकरावी सायन्सच्या एका मुलाचं सांगते. नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. घर शिरोळ तालुक्यात. वडील आणि आजोबा ऊस बघतात, आणि पोराच्या शिक्षणासाठी आई त्याला घेऊन कोल्हापुरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते.

"मॅडम, ह्याला गेमचं याड लागलंय," आई म्हणाली. "दोन वाजले तरी मोबाईल खाली ठेवत न्हाई. बंद कर म्हटलं की पाच मिनिटं, पाच मिनिटं करतंय. हिसकावून घेतला तर अंगावर येतंय." क्लासच्या टेस्टमध्ये मार्कही घसरले होते.

मुलाला एकट्याला बसवलं आणि म्हटलं, "अलीकडे काय काय खेळलास ते मित्राला सांगतोस तसं सांग. आवडलं नसेल तेही सांग." आधी त्याला वाटलं, मी काहीतरी काढून घ्यायला बघतेय. पण एकदा सुरू झाला तो थांबेचना.

पहिली बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवर टीम करून खेळायचा ऑनलाइन गोळीबाराचा गेम. एका मॅचमध्ये शंभरेक खेळाडू उतरतात, चौघांची टीम असते आणि मोठ्या नकाशावर मॅच अर्धा तास चालते. पण त्याने किती जणांना मारलं, हे एकदाही सांगितलं नाही. सांगितलं ते टीमबद्दल. चौघेही गावच्या शाळेतले. दहावीनंतर एक इचलकरंजीला गेला, एक सांगलीला, एक गावातच राहिला. सगळे मोकळे होतात ते रात्री अकरानंतर. माईक चालू करून मॅचपेक्षा गावच्या गप्पाच जास्त. कुणी जखमी होऊन पडला की दुसरा गोळीबारातून रांगत जाऊन त्याला उठवतो, हे सांगताना हा खुर्चीत पुढे सरकून बसला होता. अनोळखी लोकांबरोबर खेळायला मात्र त्याला आवडत नाही, "उगं शिव्या देतात," म्हणाला.

दुसरा गेम 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बरोन नावाच्या माणसाने एकट्याने बनवलेला, २०१६ साली आलेला. आजोबांनी ठेवलेली पडीक शेती नातू कसायला घेतो, अशी त्याची सुरुवात. यावरचं त्याचं मत मी तसंच लिहून ठेवलंय: "भारी आहे, पण खोटं आहे. पार्सनिप चार दिवसांत येतंय. आणि पूर येतच न्हाई त्यात." (पार्सनिप म्हणजे गाजरासारखं एक कंदमूळ.) २०१९ च्या महापुरात त्यांचा ऊस पाण्याखाली होता. हा तेव्हा प्राथमिक शाळेत. त्या पावसाबद्दल तो मग बराच वेळ बोलला. आईसमोर हे कधी बोलला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम वरचढ होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, या तिन्ही गोष्टी त्यात लागतात, आणि साधारणपणे बारा महिने तरी हे चाललेलं असावं लागतं. हा मुलगा परीक्षेच्या आठवड्यात स्वतःहून गेम काढून टाकायचा. रविवारी फुटबॉलला जायचा. गेममध्ये पैसे घातले नव्हते. त्याची झोप मोडत होती, आणि शहरात त्याला एकही मित्र नव्हता. याला मी व्यसन म्हणणार नाही.

आईला मी 'पाच मिनिटां'चा अर्थ सांगितला. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. उठून गेलं की बाकीचे तिघं अडकतात. स्टारड्यूमधला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा, आणि दिवस संपवून झोपलं की खेळ जतन होतो. म्हणून 'आत्ताच्या आत्ता बंद' म्हणण्यापेक्षा 'ही मॅच झाली की बंद' असं आधीच ठरवायचं. आणि मोबाईल हिसकावायचा नाही. मुलाने त्याच्या बाजूने मित्रांशी बोलून खेळायला रात्री साडेनऊची वेळ ठरवली. अकराला मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला.

वडिलांना एकच काम दिलं. गावी आला की त्याच्या शेजारी बसून गेम बघायचा, उपदेश करायचा नाही. त्यांनी बघितला. स्टारड्यूमधल्या विक्रीच्या पेटीत माल टाकला की दुसऱ्या सकाळी पैसे जमा होतात हे कळल्यावर म्हणाले, "आमची आडसाली लावण दीड वर्ष रानात असती. आणि बिल कवा येतंय ते कारखान्यालाच म्हाईत." मग त्या दोघांचं ऊसदरावर बोलणं झालं, जे यापूर्वी कधी झालं नव्हतं.

मार्क अजून पहिल्यासारखे नाहीत. शनिवारी रात्री वेळेवरून खटके उडतातच. पण तो आता झोपतो आणि आईशी बोलतो.

सगळ्यांचं असं होत नाही. त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या एका मुलाला मी हेच विचारलं. "काय नाही, खेळतोय." काय आवडलं? "माहीत नाही." कंटाळा येतो? "येतोय." मग का खेळतोस? उत्तर आलं नाही. कॉलेज सुटलेलं, जेवण खोलीतच, घरातल्यांना न सांगता पैसे लावलेले. त्याला मी लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि आजही तो उपचार घेतोय. तुमच्या घरात असं चित्र असेल तर रागावण्यात दिवस घालवू नका. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येतं, मुलालाही आणि तुम्हालाही.