बारा वर्षं झाली, तरी सगळे फोन मलाच

प्रेज द लॉर्ड, ताई.

मी सोलापूरचा, वय 39. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि बारा वर्षांपासून विडी घरकुल भागात आमच्या घरीच संगती, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनासभा, चालवतो. सुरुवातीला आम्ही नवरा-बायको आणि तिघंजण होतो, आता चाळीसेक माणसं येतात. पण कुणाला ताप आला की ब्रदर, नवरा पिऊन आला की ब्रदर, मुलीला स्थळ आलं की ब्रदर. भाऊबीजेला माहेरी जाऊ का, हेसुद्धा मलाच विचारतात. एक मामा नऊ वर्षं येताहेत, आजवर एकदाही तोंड उघडून प्रार्थना केलेली नाही. म्हणतात, "ब्रदर, तुमच्या प्रार्थनेत पॉवर आहे." गेल्या महिन्यात मी डेंग्यूने दवाखान्यात होतो. रविवारी दाराला कुलूप बघून सगळे परत गेले. ऐकून वाईट वाटलं. पण खरं सांगतो, कुठेतरी बरंही वाटलं, की माझ्याशिवाय यांचं चालत नाही. आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

ज्या मिशनतर्फे सेवा करतो तिथून दर तीन महिन्यांनी विचारणा होते, नवीन किती, बाप्तिस्मे किती. आता सांगताहेत, अक्कलकोट तालुक्यात नवीन काम सुरू कर. बायको म्हणते, "तुम्ही सगळ्यांचे पाळक आणि घरचे पाहुणे." माझ्या आईने बिड्या वळून मला शिकवलं, आणि मला बारा वर्षांत एक माणूस विश्वासात उभा करता आला नाही. जाऊ की राहू?

सलाम, भाऊ.

आमच्या पिढीच्या तोंडी सलामच आहे, तो गोड मानून घ्या. आधी तब्येत सांभाळा. डेंग्यूनंतरचा अशक्तपणा लवकर जात नाही, तेव्हा रात्रीच्या मीटिंगा काही दिवस बंद ठेवा. ते तुमच्या संगतीच्याही पथ्यावर पडेल, कसं ते पुढे सांगते.

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त थांबले ते "बरंही वाटलं" इथे. हे कबूल करायला धैर्य लागतं. अनेक वर्षं सेवा केलेली माणसं हे स्वतःशीही बोलत नाहीत. तुम्ही बोललात म्हणून मलाही सरळ बोलता येतंय. मामा नऊ वर्षं गप्प राहिले, त्यात मामांचा वाटा आहे, तसा तुमचाही आहे. त्यांनी "तुमच्या प्रार्थनेत पॉवर आहे" म्हटलं की तुम्ही डोळे मिटून प्रार्थना सुरू करत आलात. एकदा तरी "आज तुम्ही करा, मी आमेन म्हणतो" असं म्हणालात का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

आता तुमच्या आईंकडे जाऊ. बिड्या वळणाऱ्या घरात पोर कशी शिकते हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. मी शाळेत शिकवत होते तेव्हा पालकांना भेटायला त्या घरांत जायचे. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, मांडीवर सूप, बाजूला पानं कापायचं पत्र्याचं माप. पोरीच्या हाती आधी सगळं काम देत नाहीत. आई वळून देते, पोर नुसती बिड्यांची तोंडं मुडपते. मग एके दिवशी आई पान आणि तंबाखू तिच्या पुढ्यात ठेवते. पोरीच्या पहिल्या बिड्या सैल, एक जाड तर एक बारीक. कारखान्यात त्या छाट म्हणून बाजूला काढतात आणि छाटीचे पैसे आईच्या मजुरीतून जातात. आईला ते परवडत नसतं, तरी ती पान पुढ्यात ठेवते. (त्या पोरींनी बिड्याच वळाव्यात असं मला एक दिवसही वाटलं नाही. त्या घरांतला खोकला अजून कानात आहे. पण शिकवण्याची ती रीत मी शाळेतही वापरली.)

तुमच्या घरी बारा वर्षं लोक तोंडं मुडपताहेत. सतरंज्या अंथरतात, टाळ्या वाजवतात, आमेन म्हणतात. वळायचं काम तुम्ही एकट्याने ठेवून घेतलंय, कारण तुमची प्रार्थना सुबक होते आणि मामांची वाकडी होईल. होऊ द्या वाकडी. देवाच्या दारात छाट काढत नाहीत.

माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. साधारण पन्नास वर्षांपूर्वीची. गाव सीना नदीच्या काठी, ख्रिस्ती मंडळी लहान, घरं अकरा. एका शनिवारी नदीला पूर आला आणि पाळकसाहेब पलीकडे अडकले. रविवारी सगळे जमले, कंदील लावला आणि बसून राहिले. वाचायला येत होतं ते दोघंही बाहेरगावी. एका घरातलं तान्हं पोर तापाने फणफणत होतं, त्याची आई त्याला मांडीवर घेऊन मागे बसली होती. कुणीच उठेना. शेवटी सासूबाई उठल्या. अक्षरओळख नाही, मंडळीत कधी तोंड उघडलेलं नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "देवा, पाळक आले न्हाईत. तू तरी आलास का? लेकराला ताप हाय. मला दुसरं काय बोलाया येत न्हाई." आणि खाली बसल्या. एवढंच. त्यांच्यामागून एकेक करत सात जणांनी प्रार्थना केली. पुढे गावात कुणी बाई अडली की सासूबाईंना हाक यायची, ख्रिस्ती घरातून आणि बाकीच्या घरांतूनही. पाळकसाहेब आठवड्याने आले तेव्हा त्यांना हे कळलं, आणि त्यानंतर दर महिन्याला एक रविवार ते मुद्दाम मागच्या बाकावर बसू लागले. ही आठवण आली की मला सासूबाईंइतकेच तेही आठवतात. मागे बसणं त्यांना सोपं गेलं नसेल.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय तुम्ही संगतीत शिकवला असेलच. एवढ्या काळात तुम्ही शिक्षक व्हायला हवे होतात, अजून दुधावरच आहात, असं तो लिहिणारा रागावून म्हणतो. आपण उपदेशात ते लोकांवर ओरडायला वापरतो. पण चौदाव्या वचनात प्रौढ माणसाची खूण दिलीय, बरंवाईट ओळखायचा ज्यांना सरावाने अभ्यास झालाय ते प्रौढ. सराव कुणाचा झालाय तुमच्याकडे? तुमचा. भाऊबीजेला जाऊ का, असं त्या बाईने विचारलं, तुम्ही हो किंवा नाही सांगितलंत, आणि बरंवाईट ओळखायची तिची एक संधी तुम्ही वापरून टाकलीत. पुढच्या वेळी तिच्याबरोबर बसा, रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय उघडा, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी हे पाचवं वचन तिला स्वतः वाचू द्या. भावाला ओवाळताना तिच्या मनात काय असतं, न गेल्याने भावाला काय वाटेल, ख्रिस्ताने तिला त्या भावाशी कसं वागायला सांगितलंय, हे तिला बोलू द्या. ती कदाचित तुम्ही दिलं असतंत त्याहून वेगळं उत्तर काढेल. ते तिचं असेल, आणि सासर-माहेरच्या प्रश्नांना तोंड देताना तिच्या उपयोगी पडेल. (मला विचाराल तर भावाचं दार बंद करायला लावणारी शिकवण मला कधी पटली नाही.)

एक अपवाद. "नवरा पिऊन आला" या फोनमध्ये मारहाण असेल तर तो फोन शिकवणुकीचा विषय नाही. तिथे लगेच जा, बायकोला बरोबर घ्या, त्या बाईला 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 (तातडीची मदत) हे नंबर लिहून द्या आणि तिला मार खात सहन करायला सांगू नका. तसंच तापाला प्रार्थना करा आणि सिव्हिलला पाठवा, दोन्ही.

प्रेषित पौलाचं उदाहरण तुमच्या खऱ्या प्रश्नापाशी आणतं. थेस्सलनीका गावातून त्याला लवकर, रातोरात निघावं लागलं. इफिसात तो तीन वर्षं राहिला. म्हणजे नुसत्या वर्षांवर काही ठरत नाही. थेस्सलनीकाकरांना पहिल्या पत्रात तो काय सांगतो बघा. अव्यवस्थित वागणाऱ्यांना ताकीद द्या, घाबरलेल्यांना धीर द्या, दुबळ्यांना आधार द्या. ही सगळी पाळकाची कामं, पण तो "बंधुजनहो" म्हणून सांगतोय, म्हणजे सगळ्यांना. तुमच्याकडे घाबरलेल्याला धीर कोण देतं? तुम्हीच. एखाद्या ताईच्या तापाचा फोन आला की तुम्ही मामांना फोन लावा आणि म्हणा, "मामा, तुमच्या गल्लीत आहेत, तुम्ही आणि मामी जाऊन या, मला संध्याकाळी सांगा." नऊ वर्षं ज्या माणसाने कधी रविवार चुकवला नाही, त्याच्यात काही नाही असं मी मानायला तयार नाही.

आणि भाषा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्या भागात पद्मशाली घरं भरपूर आहेत, तुमच्या चाळिसातली निम्मी तरी घरात तेलुगू बोलत असतील. मामाही त्यातलेच असतील का? आपण मराठीत प्रार्थना करतो तीही पुस्तकी, "हे कृपावंत स्वर्गीय पित्या" थाटाची. नऊ वर्षं गप्प बसलेल्या माणसाला त्याच्या आईच्या भाषेत देवाशी बोलायला कुणी सांगितलंय का, हे एकदा बघा. तुम्हाला सगळं कळणार नाही, चालेल. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि नुकतंच वाचायला शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून साध्या मराठीत बायबल उतरवत बसल्या, 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेली बाई साध्या शब्दांसाठी एवढी झिजली. मग आपल्या मीटिंगीत अर्धा तास तेलुगूला द्यायला काय हरकत आहे?

आता मिशनच्या आकड्यांविषयी. आकडा विचारणारी माणसं वाईट नसतात, त्यांनाही पुढे कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं. पण ही ओढाताण जुनी आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे (परदेशांत मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेचे) मिशनरी 1813 मध्ये मुंबईत, 1831 मध्ये नगरला आणि पुढे आपल्या सोलापुरात आले, त्याच बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन 1854-55 च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेले. त्यांचं म्हणणं होतं की मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ता स्वतः पुढे न्यावी. मिशनऱ्याचं काम मंडळी उभी करून बाजूला होण्याचं. हे सगळ्यांच्या पचनी पडलं नाही. किती तरी ठिकाणी पगार परदेशातून आणि निर्णय मिशनऱ्याच्या बंगल्यावरून हेच चालत राहिलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यामागे हीच तळमळ होती, की ख्रिस्ताचा शिष्य या मातीत स्वतःच्या पायावर उभा राहावा.

म्हणून पुढच्या अहवालात बाप्तिस्म्यांच्या रकान्याखाली एक ओळ जास्त लिहा. "या तिमाहीत एका सभासदाने नऊ वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली." "दोन बहिणींनी माझ्याशिवाय आजाऱ्याची भेट घेतली." ते विचारतील हे काय. मग त्यांना करिंथकरांस पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय दाखवा. पौलाने लावलं, अपुल्लोसने पाणी घातलं, वाढ देवाने दिली. नुसतं लावत सुटलं तर पाणी कोण घालणार? सोलापूरच्या माणसाला पाण्याची किंमत सांगायला नको.

अक्कलकोटला जाऊ की राहू? आत्ता जाऊ नका. आत्ता गेलात तर इथे दाराला कुलूप आणि तिकडे पुन्हा तुम्हीच. मिशनकडे वर्षभराची मुदत मागा. या वर्षात महिन्यातला एक रविवार तुम्ही मागे बसा, मग दोन. संगती तुमच्या घरातून हलवा, या आठवड्यात एकाचं घर, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं. किल्ली तुमच्याकडे नसली की कुलपाचा प्रश्नच नाही. अक्कलकोटला महिन्यातून एकदा जाऊन या, पण एकटे नको, दोघांना बरोबर न्या आणि परतीच्या एसटीत त्यांना विचारा, काय पाहिलंत. वर्षाने जायची वेळ आलीच तर कदाचित ते दोघेच जातील आणि तुम्ही इथे सतरंज्या घालाल. तेव्हा पुन्हा वाईट वाटेल, आणि बरंही. तसं झालं तर मला लिहा.

बायकोचं वाक्य हसण्यावारी नेऊ नका. चाळीस जणांचा चहा बारा वर्षं कुणी केला, हे तुमच्या पत्रात नाही, पण मला दिसतंय. तिच्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा आणि त्या संध्याकाळी फोन आला तर तो मामांकडे वळवा. ज्या रविवारी संगती दुसऱ्याच्या घरी असेल, त्या दिवशी तिला तिथे पाहुणी म्हणून बसू द्या, चहा तिच्या हातात आणून देऊ द्या. आणि एकदा तिलाही विचारा, तू प्रार्थना करशील का. बारा वर्षांत तिला विचारलंत का, हे मला माहीत नाही.

येत्या रविवारी सुरुवात मामांपासून करा. सगळ्यांसमोर एकदम नको, घाबरतील. शनिवारी त्यांच्या घरी जा, दोघंच बसा, तुमचा अशक्तपणा सांगा आणि म्हणा, "मामा, माझ्यासाठी तुम्ही प्रार्थना करा. तुम्हाला येईल तशी, येईल त्या भाषेत." मग गप्प बसा. ते बराच वेळ काही बोलणार नाहीत. तुम्ही मध्ये बोलू नका.

तुमची,
ताई