चहा-पोळीला कालचीच पोळी हवी

मेलबर्नहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. प्रश्न चार आहेत, पण पत्राचा जीव पहिल्याच परिच्छेदात आहे, म्हणून तो जसाच्या तसा देते:

"आमचे हे रोज रात्री जेवणं आटोपली की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहात पोळी बुडवून खातात. दिवासुद्धा लावत नाहीत. लेकीनं एकदा पाहिलं आणि 'ईऽऽ' केलं, तेव्हापासून तिच्यासमोर हात लावत नाहीत. मी फ्रोझन पराठे आणून ठेवते, कधी टॉर्टिया असतात, पण खाऊन झालं की म्हणतात, 'ती चव नाही.' दूध बदललं, चहापावडर बदलली. आता काय बदलू?"

पोळी बदला, ताई. जिच्यावर सगळं उभं आहे तीच तुम्ही पाकिटातली ठेवलीत, म्हणून थोडं रागावते आहे. साय-साखर-पोळी, तेल-तिखट-मीठ लावलेली पोळी, गूळ-तूप-पोळी, सायीवर लोणच्याचा खार घालून केलेली सुरळी: बाहेरच्याला विचित्र वाटतील अशा या आपल्या लहानपणच्या जोड्यांत पोळी बहुतेक वेळा आदल्या रात्रीची असे. चार पोळ्या मुद्दाम जास्त व्हायच्या, कापडात गुंडाळून डब्यात राहायच्या आणि सकाळी शाळेआधी त्यांचं काहीतरी व्हायचं. परदेशात आपण पोळ्या मोजून करतो, नाहीतर करतच नाही. मग शिळी उरणार कुठून?

शिळेपणाचं इथे खरं काम आहे. ताजी मऊ पोळी चहात घातली की तिचा चिकट लगदा होतो आणि अर्धी कपाच्या तळाशी बसते. रात्रभरात पोळीतला स्टार्च घट्ट होतो, पोळी जराशी ताठ होते, आणि मग चहा शोषूनही ती आकार सोडत नाही. घडीची असेल तर चहा पदरांमध्ये शिरतो, हीच ती चव. फ्रोझन पराठा बहुधा मैद्याचा असतो, त्यात पदर सुटावेत म्हणून भरपूर तेल किंवा वनस्पती तूप घातलेलं असतं, ते चहावर तवंग होऊन तरंगतं. मैद्याच्या टॉर्टियात मीठ, चरबी आणि बहुतेकदा बेकिंग पावडर असते, त्यामुळे गोड चहात ती खारट लागते.

पीठ भारतीय दुकानातलं चक्की आटा म्हणून मिळतं तेच घ्या. सुपरमार्केटच्या होलमील पिठात कोंड्याचे मोठे तुकडे असतात, ते कणीक चिरतात आणि पोळी कडेला फाटते. दुसरं काहीच मिळत नसेल तर ते पीठ बारीक चाळणीनं चाळा आणि तीन भागांत एक भाग मैदा मिसळा. २५० ग्रॅम आटा, पाव चमचा मीठ, २ चहाचे चमचे तेल आणि १६५ ते १७५ मिलिलिटर कोमट पाणी. कणीक हाताला किंचित चिकटेल इतकी सैल हवी, झाकून अर्धा तास मुरू द्या. मुरल्यावर ती आपोआप आवरते, म्हणून आधी घाबरून कोरडं पीठ घालत बसू नका, त्यानंच पोळी दुसऱ्या दिवशी कडकडीत होते. लाटी पुरीएवढी लाटून तेलाचं बोट फिरवा, चिमूटभर पीठ भुरभुरा, अर्धी आणि पुन्हा अर्धी घडी घाला, मग तो त्रिकोण गोल करत लाटा. इतक्या कणकेत ८ पोळ्या होतात.

बहुतेकांची पोळी बिघडते ती तव्यावर. इलेक्ट्रिक शेगडी हळू तापते, आपण घाईत पहिली पोळी टाकतो, ती मंद आचेवर तीन-तीन मिनिटं पडून राहते आणि भाजण्याऐवजी वाळते. जाड बुडाचा लोखंडी तवा ४-५ मिनिटं नुसता तापू द्या. पोळी टाकल्यावर १५-२० सेकंदांत फोड दिसले की उलटा. एकूण दीड मिनिटाच्या आत पोळी उतरली पाहिजे.

आणि आता हात जोडून सांगते, पोळ्या फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या थंडीत स्टार्च सगळ्यात वेगानं घट्ट होतो आणि पोळी चामड्यासारखी होते. मायक्रोवेव्हमध्ये ती क्षणभर मऊ होते, दोन मिनिटांत पुन्हा वातड. गरम पोळ्या जाळीवर ५ मिनिटं वाफ जाऊ द्या, मग सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. वाफेसकट डब्यात कोंडल्या तर तळाची पोळी ओली होते आणि लवकर बुरसते. रात्री केलेली सकाळी संपवायची. मेलबर्नच्या उन्हाळ्यात घर तापत असेल तेव्हा, आणि दुबई-सिंगापूरकडच्या वाचकांनी बाराही महिने, पोळ्या गार झाल्यावर दोन-दोनच्या घड्या करून फ्रीझरमध्ये टाका आणि सकाळी तव्यावर शेका. आमच्याकडे माहेरी-सासरी दोन्हीकडे सगळ्या गोष्टींवरून मतभेद आहेत, कापड-डब्याबद्दल नाहीत.

चहा उकळलेला हवा, पिशवी बुडवून वरून गार दूध ओतलेला नको. एका कपाला अर्धा कप पाणी, अर्धा कप पूर्ण स्निग्धांशाचं दूध, दीड चमचा सीटीसी, म्हणजे दाणेदार चहापावडर, दोन चमचे साखर. आलं घालायचं तर पाण्यात घालून आधी दोन मिनिटं खळखळून उकळा. कच्चं आलं दुधात पडलं की त्यातल्या पाचक रसानं दूध फाटतं, आणि दोष दुधावर जातो. कपात ओतल्यावर दोन मिनिटं थांबा. पोळीची घट्ट सुरळी करून टोक तीन सेकंद बुडवा आणि लगेच खा. आमच्या घरी सासूबाई पोळीचे तुकडे बशीत पसरून वरून चहा ओततात. तीही रीत चांगली, फक्त पोळी जरा जाड हवी.

लेकीला थेट चहा-पोळीकडे नेऊ नका. आठ वर्षांच्या मुलीला चहा नकोच. साय-साखर-पोळी द्या. तिथे होमोजिनाइझ न केलेलं दूध सहज मिळतं, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. नेहमीच्या दुधात स्निग्धांशाचे कण दाबाखाली फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर येत नाहीत, तापवलं की नुसता पापुद्रा धरतो. न फोडलेलं १ लिटर दूध पसरट पातेल्यात मंद आचेवर उकळी आणून आणखी ५ मिनिटं ठेवा, जाळी झाकून गार करा, मग रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी साय उचलून येते. पोळीवर ती पसरून वर एक चमचा जाड साखर, घट्ट सुरळी, लगेच खायची. साखर विरघळली की मजा गेली. आमच्या नातवंडांचा जन्म परदेशातला, पण दोघंही हीच सुरळी मागून खातात. आणि तुमच्या यजमानांना सांगा, दिवा लावून, टेबलाशी बसून, लेकीच्या शेजारी खा म्हणावं. बाप अंधारात उभा राहून जे खातो ते मूल उजेडात कसं मागेल?

त्यातूनही पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी. मिक्सरमध्ये पूड करू नका, ओलावा लागताच तिचे गोळे होतात. चार पोळ्या हातानं नखाएवढ्या कुस्करा. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे, मिरची आणि एक कांदा परता, मग हळद, कुस्करा, मीठ आणि अर्धा चमचा साखर. वरून दोन चमचे ताक शिंपडून झाकणाखाली ३ मिनिटं. सोबत गार दही.

बाकीचे प्रश्न आता भराभर. "शिकरण खाल्लं तर चालतं का, दूध आणि फळ एकत्र नको म्हणतात." आयुर्वेदात तसं सांगितलं आहे, ते मानत असाल तर करू नका. मानत नसाल आणि पोटाला सोसत असेल तर केळं ऐन वेळी गार दुधात चिरा. हौसेनं किवी किंवा ताजा अननस मात्र घालू नका, दूध कडू होतं. "दहीभातावर चिवडा चालेल ना?" चालेल, खाताना घाला. पण भात पोळीसारखा बाहेर ठेवू नका. गार करून तासाभरात फ्रिजमध्ये, कारण भातातले काही जिवाणू शिजवूनही तग धरतात आणि पुन्हा गरम केल्यानं त्यांचं विष जात नाही. लेकीच्या डब्यात गूळ-तूप-पोळीची सुरळी द्या, गूळ किसलेला, ओघळत नाही.

"मंडळाच्या कार्यक्रमाला जिलबीबरोबर मठ्ठा ठेवला तर लोक हसतील का?" मराठी लोक जिलबी-मठ्ठ्याला हसत नाहीत. २५ माणसांना ५ लिटर लागेल: साधं, जिलेटिन नसलेलं १.७ किलो दही आणि सव्वातीन लिटर गार पाणी. दुकानातलं दाट बटरमिल्क घेऊ नका, ते आपलं ताक नाही. आलं-मिरची वाटून घाला, कोथिंबीर, मीठ, चवीपुरती साखर. आदल्या रात्री करून ठेवलात तर तो आंबतो, म्हणून सकाळीच घुसळा.